चष्म्याचं कडवं

छापलेलं अक्षर कधी मरत नाही. आमच्या छापखान्यात शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर हे वाक्य सर्वांत मोठ्या टायपात छापून, चौकटीत घालून लावलेलं होतं, आणि येणारी माणसं ते वाचून क्षणभर गंभीर होत. चौकटीच्या बरोबर खाली एक लांब टेबल होतं. काम छापून झालं की त्या टेबलावर जुळवलेली पानं रॉकेलने धुऊन मोडली जात आणि एकेक अक्षर सुटं करून आपापल्या खणात परत टाकलं जाई. सकाळी एका लग्नपत्रिकेत 'शुभ' या शब्दात बसलेला 'शु' दुपारी कुणाच्या तरी 'शुक्रवारी दहावा' या मजकुरात जाई. त्याला त्याचं काही वाटत नसे.

त्या छापखान्यात मी अठ्ठावीस वर्षं प्रूफं तपासली. प्रूफरीडर म्हणजे काय, हे लग्न ठरताना मला सासऱ्यांना समजावून सांगावं लागलं होतं आणि त्यांचं समाधान झालं नव्हतं. म्हणून इथे पुन्हा प्रयत्न करतो. लेखकाने लिहिलेला कागद कंपोझिटर समोर ठेवतो आणि लाकडी खणांतून शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवतो. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात, आरशात दिसतात तशी. जुळवलेल्या मजकुरावर शाई फिरवून ओलसर कागदावर ठसा घेतात, ते प्रूफ. प्रूफ आणि लेखकाचा कागद शेजारी ठेवून माझ्यासारखा माणूस दोहोंतला फरक शोधतो आणि समासात खुणा करतो. मजकूर चांगला की वाईट, खरा की खोटा, हे बघायचं नाही. मुळाप्रमाणे आहे की नाही, एवढंच. नको असलेली ओळ खोडायची. आणि खोडायला नको होती असं मागाहून ठरलं, तर तिच्याखाली टिंबं देऊन समासात 'असू द्या' असं लिहायचं. एवढ्यावर माझा संसार झाला.

'मुळाप्रमाणे' हा नियम आम्ही किती निष्ठेने पाळत असू, त्याचा एक दाखला देतो. एका इनामदारांनी मुलाच्या लग्नाची पत्रिका छापायला दिली. स्वतःच्या नावामागे चार बिरुदं, व्याह्यांच्या नावामागे तीन, पणजोबांच्या सनदेचा उल्लेख, मांडवात गाणाऱ्या बुवांचं नाव. मुलीचं नाव नव्हतं. प्रूफ बघताना ते माझ्या ध्यानात आलं. मूळ कागद पाहिला, त्यातही नव्हतं. मी पुढच्या ओळीवर गेलो. पत्रिका वाटल्या गेल्या, लग्न थाटात झालं, कुणाचीही तक्रार आली नाही. नवरीचीही नाही. पुष्कळ वर्षं मी ही हकिगत गंमत म्हणून सांगत असे. पुढे ती सांगायची मला गोडी राहिली नाही. त्याचं कारण म्हणजे वळसंगच्या पुढच्या एका खेड्यातले मास्तर, किंवा खरं सांगायचं तर त्यांची बायको.

सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या तीन-चार वर्षं आधीची ही गोष्ट. गावातल्या काही वकील-डॉक्टर मंडळींनी साहित्यसेवेसाठी एक मंडळ काढलं होतं आणि मंडळाचं मासिक आमच्याकडे छापलं जाई. मासिकाचं नाव संस्कृत होतं. ते न अडखळता उच्चारणारा एकच मनुष्य होता, तो म्हणजे संपादक. संपादक धंद्याने वकील. कोर्टात ते फारसं बोलत नसत असं ऐकलं होतं. ती कसर ते आमच्याकडे येऊन भरून काढत.

मास्तर या मासिकाला कविता पाठवणाऱ्यांपैकी एक. उंच, नीटनेटके, बंद गळ्याचा कोट, सोनेरी काडीचा चष्मा. तेव्हा खेड्यात चष्मा दुर्मीळ होता. त्यांच्या गावात तो एकट्या त्यांनाच होता. 'निर्झरानुज' असं टोपणनाव त्यांनी घेतलं होतं. अनुज म्हणजे धाकटा भाऊ. त्यांच्या गावच्या चहूबाजूंना वीस मैलांत झरा नव्हता, त्यामुळे थोरले बंधू कुठे असतात हे मी कधी विचारलं नाही. वर्षातून दोन-तीनदा ते कवितांचं पुडकं घेऊन स्वतः येत आणि संपादकांच्या वाटेकडे डोळे लावून माझ्या टेबलाशी बसत.

एकदा मी त्यांच्या कागदावरचं अक्षर पाहत होतो. ओळी रेघेवर ठेवल्यासारख्या, वेलांट्या एकाच उंचीच्या.

"मोती आहेत की नाही?" मास्तर म्हणाले.

"आहेत. आपलं अक्षर?"

"छे! आमच्या कुटुंबाचं. अक्कलकोटच्या पुराणिकाची मुलगी. बापाने लहानपणी पोथ्या उतरवायला बसवलं होतं. मी लिहून टाकतो, ती स्वच्छ प्रत करते." मग चष्मा काढून उपरण्याने पुसत ते हसले. "अर्थ कळत नाही ना, म्हणून चुका होत नाहीत."

मीही हसलो. माझ्या धंद्याचं तत्त्व याहून थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांच्या कविता दर वेळी परत जात. त्या मार्गशीर्षात पोस्टाने पुडकं आलं. सोबतच्या पत्रात 'सात कविता सादर करीत आहे' असं होतं. आत आठ कागद होते. सात कागद मोठे. त्यांत उषा होती, निशा होती, काव्यदेवीला दोनदा हाक मारलेली होती, आणि व्याधाला भिऊन पळणाऱ्या एका हरिणीवर अकरा श्लोक होते. आठवा कागद हिशेबाच्या वहीतून फाडलेला, लहान. त्याला शीर्षक नव्हतं. अक्षर तेच.

संपादकांनी सात कागद बाजूला सारले आणि आठवा हातात घेऊन उभे राहिले. ते सहसा बसून वाचत.

तांब्या ठेवला दारात,
कसा ठेवला ऐकते;
हात पिठात थांबतो,
भाकर तशी राहते.

मीठ थोडं का अधिक,
पाठ सांगते जिभेला…

अशी ती पुढे जात होती. घरधन्याची चाहूल लागल्यापासून तो जेवायला बसेपर्यंतचा वेळ, एवढाच विषय. मारल्याचा शब्द कुठे नव्हता. शेवटून दुसरं कडवं असं होतं:

चष्मा काढितो डोळ्यांचा,
घडी घालितो जपून;
कोनाड्यात ठेवी आधी,
मग बघतो वळून.

"काय हा परकायाप्रवेश!" संपादक म्हणाले. "पुरुषाने स्त्रीच्या अंतःकरणात इतकं खोल शिरावं! हे मास्तर एवढे दिवस कुठे लपले होते?" त्यांनी तिथल्या तिथे शीर्षक घातलं, 'भयव्याकुळा', आणि मास्तरांना पत्र लिहिलं की आपली 'भयव्याकुळा' ही कविता माघाच्या अंकासाठी स्वीकारली आहे. मूळ शीर्षक बदलायचं किंवा नसलेलं द्यायचं, ही संपादकांची पद्धत होती. कवीला विचारायची नव्हती. कविता प्रूफासाठी कवीकडे पाठवली तर तो ती नव्याने लिहून पाठवतो, हा आमचा अनुभव. म्हणून बाहेरगावच्या कवींना प्रूफ जात नसे. थोडक्यात, मास्तरांना पत्रात शीर्षक कळलं, कविता कळली नाही. त्यांना वाटलं, हरिणीचीच कविता लागली.

कविता जुळवायला राजय्याकडे गेली. राजय्या विणकराच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा, पण मराठी खिळे त्याच्याइतके झपाट्याने कुणी उचलत नसे. तो सहसा मजकुराबद्दल बोलत नसे. त्या दिवशी जुळवलेल्या ओळींची गॅली माझ्या टेबलावर ठेवून तो उभाच राहिला.

"रीडर, हे मास्तरनं ल्हिलेलं न्हाय की."

"खाली त्यांचं नाव आहे."

"नाव असंल. पर ह्यातलं समदं चुलीजवळनं दिसतंय. तांब्या ठेवणाऱ्याला कुटं ऐकू येतंय, कसा ठेवला ते? ऐकणारीलाच येतंय."

मी त्याला संपादकांचा परकायाप्रवेश समजावून सांगितला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आसंल. तुमी शिकलेली माणसं." मग तो आपल्या केसकडे, खिळ्यांच्या खणांकडे, गेला.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेसाठी आसपासच्या गावांतली गाड्या-बैलं सोलापुरात उतरतात. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी छापखान्याच्या दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. एक म्हातारी, कपाळाला विभूती, कमरेला चंची. दुसरी बावीस-तेवीसची, डोक्यावरचा पदर ओढून घेतलेली, दाराच्या चौकटीला खेटून उभी.

"हितंच छापत्यात का ओ मास्तराचं गाणं?" म्हातारीने विचारलं.

"कोणत्या मास्तरांचं?"

"आमच्या गावच्या. मी गंगव्वा, त्येंची शेजारीण. ही मास्तरीण, द्वारका. सासू हिची बांगड्यांच्या दुकानात बसलीय, तवर पळून आलोय. लवकर बोला." आणि मागे वळून, आधी कानडीत मग मराठीत, "हेळव्वा, सांग की गं बाई!"

मी खुर्ची पुढे केली. द्वारकाबाई बसल्या नाहीत. ट्रेडल मशीन खडखडत होतं, त्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. राजय्याने पाण्याचा तांब्या भरून आणला आणि त्यांच्या मागच्या बाजूला फरशीवर ठेवला. फार जोराने नाही. त्या एकदम ताठ झाल्या आणि त्यांचा श्वास थांबलेला मला पदराआडूनही कळला.

राजय्याने माझ्याकडे पाहिलं.

"कविता तुमची आहे," मी म्हणालो.

"हो."

"मग त्यांच्या कवितांत घातलीत कशाला?"

"सगळ्या परत येतात," त्या म्हणाल्या. आवाज इतका लहान की मला मशीन थांबवायला सांगावं लागलं. "परत आलेलं पुडकं ते उघडत नाहीत. ट्रंकेत टाकायला माझ्याकडे देतात. वाटलं, हीही परत येईल. एकदा बाहेर जाऊन आली असती, एवढंच."

"आनि तुमी ठेवून घेतलीसा," गंगव्वा म्हणाली. "बाकीच्या न्हाय, नेमकी हीच!"

मास्तरांनी संपादकांचं पत्र गावभर दाखवलं होतं. अंक आला की मारुतीच्या पारावर सगळ्या गावासमोर तो फोडायचा आणि कविता वाचून दाखवायची, असं ठरलं होतं. गंगव्वाने ते सांगितलं तेव्हा द्वारकाबाई खाली फरशीकडे बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "छापू नका."

मी खरी अडचण सांगितली. अंकाची पानं जुळवून, लोखंडी चौकटीत आवळून तयार होती. अख्खी कविता काढायची तर पुढची आठ पानं सरकणार. संपादकांना कळल्याशिवाय राहणार नाही.

"मग चष्म्याचं कडवं तरी काढा." हे त्यांनी आधीच ठरवून आणलेलं दिसलं. "ते नसलं तर कुणाही बाईची होईल ती. चष्मा गावात एकालाच आहे."

"पण मास्तर विचारणार नाहीत का, ही कुणाची म्हणून?"

त्यावर गंगव्वा पहिल्यांदा हसली. "खाली नाव त्येचं हाय न्हवं? मग काय बी छापा. गावाला म्हनंल, माजंच हाय, सपनात सुचलं."

द्वारकाबाईंच्या ओठांवरही काहीतरी हललं. ते हसू असेल. मग त्यांनी माझ्या टेबलावरचं प्रूफ दुरून, हात न लावता वाचलं. "टायपात बरी दिसते," त्या म्हणाल्या, आणि दोघी गेल्या.

मी कडवं खोडलं. राजय्याने चार ओळी उचलून दोऱ्याने बांधून बाजूला ठेवल्या आणि मोकळ्या जागेत एक शिशाचं फूल बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मुळाबरहुकूम नसलेलं प्रूफ पुढे पाठवत होतो आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. इथे मी गप्प राहिलो असतो, तर ही हकिगत सांगण्याजोगी झाली नसती.

दुसऱ्या दिवशी संपादक शेवटची पानं बघायला आले. पानावर सही करून वर 'छापा' असं लिहिणं हा त्यांचा मान होता.

"हे फूल कुठून उगवलं?"

"चार ओळी काढल्या."

"माझं कडवं? सबंध कवितेचा प्राण आहे तो! कुणाच्या सांगण्यावरून?"

"कवीच्या."

"मास्तर येऊन गेले?"

इतकं झालं होतं तरी 'हो' एवढं म्हटलं असतं तर निभावलं असतं. संपादक मास्तरांना विचारायला काही बैलगाडीतून जाणार नव्हते. पण अठ्ठावीसपैकी दहा वर्षं तोवर झालेली होती, आणि दहा वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात घालवली होती. त्या अंकातली सगळ्यांत मोठी चूक फक्त मला आणि राजय्याला माहीत होती. ती पोटात ठेवणं मला जड जात होतं.

"मास्तर कवी नाहीत," मी म्हणालो.

हे वाक्य बोलताना मला जो आनंद झाला, तो मला अजून आठवतो. म्हणूनच लिहितो आहे.

मी सगळं सांगितलं. ती भिते, हेही सांगितलं. चष्मा का नको, तेही. मला वाटलं, खरी गोष्ट कळली की वकील मनुष्य गंभीर होईल. ते झालेही. खोलीत तीन फेऱ्या मारून ते थांबले.

"खेड्यातली स्त्री! आपल्या जिल्ह्यातली! आणि आपण तिची कृती नवऱ्याच्या नावावर छापणार? हा अन्याय माझ्या मासिकात होणार नाही. खाली तिचं नाव घाला."

"पण साहेब, ती घाबरते आहे."

"भय हीच तर या कवितेची प्रेरणा! आणि हे पाहा, त्या मनुष्याने चार लोकांत स्वतःचं चित्र पाहिलं की तो शरमेल. सुधारेल. छापील अक्षराचं सामर्थ्य तुम्हाला मी सांगायचं?"

मला ते पटलं. पटलं म्हणजे मी पटवून घेतलं. नाव चुकीचं छापणं हे पाप, नाव बरोबर छापणं हे पुण्य, इतकी सोपी विभागणी माझ्या डोक्यात तयारच होती. मी लेखणी घेतली, खोडलेल्या चार ओळींखाली टिंबं दिली आणि समासात लिहिलं, 'असू द्या'. मास्तरांचं टोपणनाव खोडून तिथे 'सौ. द्वारकाबाई' असं सुवाच्य अक्षरात घातलं. राजय्याने ते हातात घेतलं, वाचलं, आणि मला विचारलं, "तुमी लावता का मी लावू?" तो असं कधी विचारत नसे. मी म्हणालो, तू लाव.

घरी जेवताना मी ही हकिगत जरा अभिमानानेच सांगितली. आमच्या मंडळींनी ताटात आमटी वाढता वाढता विचारलं, "तिला विचारलंत?"

"संपादकांनी ठरवलं."

"ते ऐकलं. तिला विचारलंत का?"

मी म्हणालो, मासिकाच्या कामात अशा पद्धती नसतात. त्यांनी भात वाढला.

अंक पोस्टात पडला. महिना गेला, दीड महिना गेला. मी मनाशी म्हणत होतो की काही घडलं असतं तर कळलं असतं. खेड्यातलं काही घडलेलं शहरात कसं कळतं, हे मात्र मला सांगता आलं नसतं. होळी झाल्यावर एका बाजाराच्या दिवशी गंगव्वा एकटीच आली. ती या खेपेला दारात थांबली नाही. सरळ आत येऊन राजय्याच्या केसशेजारी जमिनीवर बसली. बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

"पारावर समदं गाव बसलं हुतं," ती म्हणाली. "पाटील, कुलकर्णी, आमी बाया मागं. मास्तरनं अंक फोडला. नाव वाचलं, भयव्याकुळा, आनि ठसक्यात लागला वाचाया. दोन वळी झाल्या आनि अडला. आपलं न्हवं ते, हे कळलं की त्येला. पर थांबंल कसा? समदं गाव ऐकतंय. वाचतच गेला."

"चष्म्याचं कडवं?" मी विचारलं.

"तेबी वाचलं. तवा पाटलाचा धाकटा म्हनला, 'मास्तर, तुमच्याच चष्म्यावानी हाय की ओ!' आनि समदी हसली. मीबी हसले असंन, कुणाला ठावं. मास्तर न्हाय हसला. शेवटाला गेला. तुमी नाव खाली छापता न्हवं? तेबी मोठ्यानं वाचलं त्येनं. वाचायची सवय. सौभाग्यवती द्वारकाबाई."

राजय्याचे हात थांबले होते.

"मग कुणी हसंना. मास्तरनं चष्मा काढला. घडी घातली, जपून. पारावर कोनाडा कुटला? हिकडं बघितलं, तिकडं बघितलं, खिशात ठेवला. आनि घरी गेला."

"आणि गाव?"

"गाव बसलं हुतं."

"कुणी उठलं नाही?"

"नवराबायकूच्या मधी कोन जातंय, अण्णा? मी गेले. दार लावलेलं हुतं. हाका मारल्या, सासू आतनं म्हनली, जावा तुमी, काय न्हाय. दुसऱ्या दिवशी सांगितलं, हातावर जातं पडलं म्हनून. उजव्या." तिने आपला हात पुढे करून दाखवला, आणि दोन बोटं दुसऱ्या हाताने धरून ती वाकत नाहीत असं दाखवलं. "जातं भुईत पुरलेलं असतंय. साठ वर्सं झाली मला, आमच्या गावात पडलेलं हे पयलंच."

मी विचारलं की आता त्या कशा आहेत.

"हाय की. सैपाक डाव्या हातानं करती. माहेराहून बाप न्याया आला हुता. मास्तर म्हनला, कशाला? हितं काय कमी हाय? बाप पुराण सांगनारा; चार गोष्टी संसाराच्या सांगून गेला." ती उठली. दारातून वळून म्हणाली, "पोरीनं चारच वळी काडा म्हनलं हुतं. चार वळीनं तुमचं काय मोडत हुतं ओ?"

ती निघून गेली. मी त्या गावाला गेलो नाही. जाऊन सांगायचं काय होतं? राजय्या त्यानंतर पुष्कळ वर्षं माझ्याबरोबर होता. आमचं कधी भांडण झालं नाही, आणि त्याने पुन्हा कोणत्याही मजकुराबद्दल मला आपलं मत सांगितलं नाही.

संपादकांना मी गंगव्वाची हकिगत सांगितली. ते म्हणाले, "फार वाईट झालं. समाज अजून तयार नाही." मग त्यांनी द्वारकाबाईंना पत्र लिहून आणखी कविता मागवल्या. उत्तर मास्तरांच्या स्वतःच्या हाताने लिहिलेलं आलं, की कुटुंबाचा हात दुखावल्याने तिला लेखन शक्य नाही, तूर्त माझ्या सात पाठवीत आहे. हरिणी त्यात होती. संपादकांनी ती घेतली. त्यांचं म्हणणं पडलं की दुखावलेल्या मनुष्याला आपण तोडून टाकणं योग्य नव्हे.

त्या चैत्रात मंडळाची वार्षिक सभा भरली. जिल्ह्यातील एका स्त्रीलेखिकेस प्रथम प्रकाशात आणल्याबद्दल संपादकांचं अभिनंदन करणारा ठराव मांडला गेला. तीन भाषणं झाली आणि ठराव टाळ्यांच्या गजरात एकमताने मंजूर झाला. सभेला एकही स्त्री नव्हती. बायकांच्या बसायच्या जागेपुढे बांबूच्या चिकाचा पडदा लावायचा होता, तो दुकानातून वेळेवर आला नाही.